केनियातल्या छोट्या शेतकरी गटाला निधी देताना: पहिल्या फोनपासून दुसऱ्या हंगामापर्यंत

आफ्रिका म्हणजे ५४ देश. प्रत्येकाचा पाऊस वेगळा, संस्था-नोंदणीचा कायदा वेगळा, बँकेची रीत वेगळी. म्हणून हा लेख एकाच भागापुरता आहे: केनियाच्या आग्नेयेकडच्या माकुएनी आणि किटुई या दोन कोरडवाहू काउंटी. काउंटी म्हणजे आकाराने आपल्या जिल्ह्यासारखी, पण निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःचं शेती खातं असलेली. दुसऱ्या देशात मदत करायची असेल तर कायदा आणि हंगाम तिथले घ्या; कामाचा क्रम बहुतेक तसाच राहतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२४ साली आफ्रिकेत सुमारे ३० कोटी ७० लाख लोक भुकेले होते. जुलै २०२५ मध्ये परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड बंद झाली आणि तिच्या पैशावर चालणारे बरेच प्रकल्प मध्येच थांबले. ही पोकळी चार-दोन देणगीदार भरून काढू शकत नाहीत. पण २५ जणींच्या एका गटाला धान्य साठवायला, बियाणं घ्यायला किंवा बांधबंदिस्ती करायला जी रक्कम लागते, ती पुण्या-नाशकातल्या चार-पाच कुटुंबांना जमण्यासारखी असते. बिनसतं ते बहुतेक वेळा पैसा उशिरा पोहोचल्याने आणि त्याला चिकटवलेल्या अटींमुळे.

१. आधी पावसाचं वेळापत्रक

केनियात वर्षात दोन पावसाळे. मार्च ते मे हा लांब पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा छोटा पाऊस. नावावर जाऊ नका. माकुएनी-किटुईत भरवशाचा पाऊस छोटाच. घरचं वर्षाचं धान्य मुख्यतः त्याच्यावर येतं. भारतातला देणगीदार मात्र मार्चअखेरीला पाकीट उघडतो, आणि पैसा पोहोचतो तो तिथल्या बेभरवशाच्या हंगामाच्या तोंडावर.

मग ऑक्टोबरपासून उलटं मोजत या. पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. बियाणं सप्टेंबरमध्ये हातात हवं, कारण पहिला पाऊस झाला की दुकानातलं चांगलं वाण संपतं. मातीकाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे पहिला हप्ता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गटाच्या खात्यात, करार जुलैत, ओळख आणि कागदपत्रं मे-जूनमध्ये. काढणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, त्यामुळे साठवणीच्या साहित्याचा पैसा जानेवारीच्या सुरुवातीला. या तारखा चुकणार असं दिसलं तर घाईने पैसे ढकलू नका. त्या हंगामापुरता मातीकाम किंवा बियाण्याचा विचार सोडा आणि साठवणीला द्या.

२. गट शोधायचा कुठे

इंटरनेटवर शोधलंत तर ज्यांना इंग्रजी आणि वेबसाइट जमते तेच गट सापडतील. उत्तम काम करणारे पुष्कळ गट तिथे नसतातच. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा वेगळ्या. केनियात सेंद्रिय आणि शाश्वत शेतीवर काम करणाऱ्या संस्थांचं पेलम केनिया हे जाळं आहे; गावठी बियाण्यांसाठी गिलगिलचं सीड सेव्हर्स नेटवर्क; आफ्रिकेच्या पातळीवर कंपालाहून चालणारी अफसा ही आघाडी. यांना "अमुक काउंटीत, स्वतःची बचत करणारे, महिलांनी चालवलेले गट सुचवा" असं नेमकं विचारा. वॉर्ड पातळीवरचा कृषी अधिकारी आणि कॅथलिक धर्मप्रांताची कॅरिटास ही समाजकार्याची शाखा यांनाही गावची माहिती असते.

तीन-चार नावं मिळाली की प्रत्येकाबद्दल दोघांना विचारा: शेजारच्या गटाला आणि गावच्या बी-बियाण्यांच्या दुकानदाराला. दुकानदार सहसा खरं सांगतो, उधारी त्याचीच असते.

फोन करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. केनिया आपल्या अडीच तास मागे आहे. आणि स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे कुणी स्वाहिलीत "दोन वाजता" म्हणालं तर ते घड्याळातले आठ असतात. गटातल्या बायका आपसात किकांबा ही तिथली भाषा बोलतात. लेखी प्रस्ताव मागण्याऐवजी व्हॉट्सॲपवर आवाजातला निरोप चालेल असं सांगा, भाषांतर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. वीस पानी इंग्रजी प्रस्ताव मागितलात तर तो लिहून देणारा सल्लागार तुम्हाला भेटेल, गट भेटणार नाही.

३. कागद पाहणं

केनियात गट आणि संस्था दोन पातळ्यांवर नोंदलेल्या असतात. बचत गट आणि गावपातळीच्या संस्था २०२२ च्या समुदाय गट नोंदणी कायद्याखाली, उपकाउंटीच्या समाजविकास कार्यालयात. मोठ्या संस्था २०१३ च्या सार्वजनिक हित संस्था कायद्याखाली. हा कायदा प्रत्यक्ष लागू झाला मे २०२४ मध्ये. छोट्या गटाकडे दुसऱ्या प्रकारची नोंदणी नसेल तर बिचकू नका, ती त्याला लागतही नाही.

मागवायचं ते एवढंच: नोंदणी प्रमाणपत्र (मुदत संपलेली नाही ना ते पाहा), गटाचा करक्रमांक, बँकेचं गटाच्या नावे खातं असल्याचं पत्र, शेवटच्या तीन बैठकांच्या इतिवृत्ताचे फोटो आणि बचतीच्या वहीची चार पानं. खात्यावर तीन सह्या असतात: अध्यक्ष, सचिव, खजिनदार. तिघंही एकाच घरातली नाहीत ना, हे स्पष्ट विचारा. प्रमाणपत्रावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षरशः एकच हवं. "वुमन ग्रुप" आणि "विमेन्स ग्रुप" एवढ्या फरकाने पैसे परत येतात आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमच्या डोक्यावर बसतो.

यात सगळ्यात बोलकी असते ती बचतीची वही. आपल्या बचत गटासारखेच तिथे गट आहेत. साधारण १५ ते २५ सभासद, तीन कुलुपांची पेटी, किल्ल्या तिघींकडे. वर्षाअखेरीला सगळी रक्कम वाटून घेऊन पुन्हा नव्याने सुरुवात. ही पद्धत १९९१ मध्ये नायजर देशाच्या माराडी भागात केअर या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने सुरू केली आणि तिथून खंडभर पसरली. वहीत दर आठवड्याचे आकडे, दंड, थकलेली कर्जं दिसत असतील तर गट जिवंत आहे. एकही खाडाखोड नसलेली, एकाच शाईत लिहिलेली वही आली तर प्रश्न विचारा.

आणि एक पक्कं ठरवा: तुमचा पैसा त्या पेटीत जाता कामा नये. स्वतःच्या घामाचं कर्ज लोक फेडतात, बाहेरून फुकट आलेलं फेडायची घाई कुणाला नसते. पेटी बुडाली की गटच मोडतो.

४. कशासाठी द्यावं

पहिल्या वर्षी साठवण. कारण सोपं आहे: पीक बायकांनी आधीच काढलेलं असतं, तुम्हाला फक्त ते टिकवायला मदत करायची असते. पाऊस फसला तर साहित्य पुढच्या हंगामालाही उपयोगी पडतं.

मक्याचा मुख्य शत्रू म्हणजे सोंडे आणि मोठा धान्यपोखर भुंगेरा. हा भुंगेरा मूळचा मध्य अमेरिकेचा, १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात पोहोचला. केनियातले शेतकरी त्याला 'ओसामा' म्हणतात, यावरून त्याच्या कर्तृत्वाची कल्पना यावी. उपाय म्हणजे हवाबंद पिशवी: आत प्लास्टिकची दोन जाड अस्तरं, बाहेर विणलेलं पोतं. आतला प्राणवायू संपला की किडे औषधाशिवाय मरतात. एका पिशवीत ९० किलो मका मावतो, किंमत साधारण २५० ते ३०० शिलिंग. (एक शिलिंग म्हणजे ढोबळमानाने सत्तर पैसे.)

हिशेब असा करा. माणशी वर्षाला साधारण एक पोतं मका हा तिथला ठोकताळा. पाच जणांच्या घराला चार पिशव्या दिल्या तर नऊ-दहा महिन्यांचं धान्य सुरक्षित राहतं. २५ घरांना १०० पिशव्या, म्हणजे ३०,००० शिलिंगांपर्यंत. त्यात मका वाळवायच्या ताडपत्र्या, गटाचा एक वजनकाटा, एक ओलावामापक आणि बाजारातून आणायचं भाडं मिळवा. प्रत्येक वस्तूचे भाव गटालाच तीन दुकानांतून काढायला सांगा.

आता चुकतं कुठे? ओल्या मक्यात. पिशवीत किडे मरतात, पण ओलावा बाहेर जात नाही. ओलावा १३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरते, आणि या भागात बुरशी ही नुसती नासाडी नाही. २००४ मध्ये याच पट्ट्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीतल्या विषाच्या बाधेचे ३१७ रुग्ण नोंदले गेले आणि १२५ माणसं दगावली; घरी ओलसर साठवलेला मका हे कारण होतं. म्हणून ताडपत्री आणि ओलावामापक यांत काटकसर नको. मापक बंद पडला तर मिठाची चाचणी आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा मका, दोन-तीन चमचे खडखडीत वाळलेलं मीठ, झाकण लावून मिनिटभर हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. नाही चिकटलं तरी लगेच भरायचं नाही, आणखी एक-दोन चांगली उन्हं द्यायची.

बाकीच्या चुका लहान, पण नेहमीच्या: दोन्ही अस्तरं वेगवेगळी न बांधता एकत्र बांधणं, रोजच्या खाण्यासाठी चारही पिशव्या उघडत राहणं (एकच उघडी ठेवावी), पोती भिंतीला टेकवणं, मग उंदीर कुरतडतात. अस्तर फाटलं नाही तर पिशवी दोन-तीन हंगाम जाते. बाजारात नकली पिशव्याही मिळतात, म्हणून अधिकृत विक्रेता कोण ते कृषी अधिकाऱ्याकडून काढून घ्या.

दुसऱ्या वर्षी बियाणं आणि मातीकाम. मक्याला एकरी सुमारे १० किलो बियाणं लागतं. कोरड्या भागासाठी मचाकोसच्या काटुमानी संशोधन केंद्रातून आलेली लवकर येणारी वाणं आहेत. पाकिटावर सरकारी स्टिकर असतो. तो खरवडून आतला क्रमांक एसएमएसने तपासता येतो, आणि तपासलाच पाहिजे. चवळी, मूग, तूर यांचं घरचं बियाणं बायका पिढ्यान्‌पिढ्या राखत आल्या आहेत. पण प्रमाणित नसलेलं बियाणं विकणं-वाटणं हा तिथे गुन्हा होता, दहा लाख शिलिंगांपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. नोव्हेंबर २०२५ मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने ही कलमं घटनाबाह्य ठरवली. बियाणे-पेढीला पैसे देण्याआधी सध्याची स्थिती काय आहे हे जाळ्याच्या संस्थेकडून विचारून घ्या. भारतातून बियाणं मात्र पाठवू नका. आयात परवाना आणि पीकसंरक्षण प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच अडकतं.

मातीकामात तिथली पद्धत 'फान्या जू': समपातळीवर चर खणायचा आणि माती चढाच्या बाजूला टाकायची. आपल्या सलग समतल चरात माती उताराकडे टाकतात, इथे उलट. पावसागणिक माती बांधाला अडते आणि चार-पाच वर्षांत पायऱ्यांसारखी शेतं तयार होतात. बायका आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबतात. तुमचा पैसा अवजारं, पातळी काढायचं साहित्य आणि कामाच्या दिवसाचं जेवण यावर जावा.

वाळूचे बंधारे या भागाचं वैशिष्ट्य आहे. कोरड्या नदीत खडकावर भिंत बांधतात, मागे वाळू साठते आणि वाळूत पाणी राहतं, बाष्पीभवन फार कमी होतं. पण पाया खडकाला लागला नाही किंवा बाजूचे पंख आखूड पडले तर नदी भिंतीला वळसा घालून जाते. वाळूऐवजी गाळ येणाऱ्या ओढ्यावर बांधला तर पाणी मिळतच नाही. जलसंपदा प्राधिकरणाची परवानगी लागते, अभियंता लागतो. पहिल्या अनुदानासाठी हे काम घेऊ नका. शेळ्यांचंही तेच. फोटोत छान दिसतात, पण सप्टेंबरमध्ये चारा कुठून आणणार याचं उत्तर गटाकडे असेल तरच.

शेवटी तुरीबद्दल. हिंगोली-लातूरच्या माणसाला तिथली तूर पाहून "भारतात विका" असं सुचवावंसं वाटतं. जपून. २०१६ साली भारताने मोझांबिकशी तूरखरेदीचा करार केला, शेतकऱ्यांनी तूर वाढवली. तेव्हा इकडे महाराष्ट्रात तुरीचं विक्रमी पीक आलं, भाव कोसळले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली. पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांचा भाव एका हंगामात बसला. विकाऊ पीक काय घ्यायचं हे गटाला ठरवू द्या.

५. किती

पहिलं अनुदान गटाच्या मागच्या वर्षाच्या एकूण उलाढालीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावं. एकदम मोठी रक्कम आली की गटात नवे 'नेते' उगवतात. दुसरीकडे ५०० डॉलरच्या खाली बँकखर्चच फार खातो. हजार ते तीन हजार डॉलर हा पहिल्या वर्षाला बरा पल्ला.

अंदाजपत्रकात १५ ते २० टक्के रक्कम फोन, प्रवास, वही-कागद आणि हिशेब ठेवणारीच्या मानधनासाठी स्वतःहून घाला. "सगळा पैसा थेट कामाला" हा हट्ट धरला की हा खर्च बियाण्याच्या बिलात लपतो. मात्र बैठकीला बसण्याचा भत्ता ही सवय मोठ्या प्रकल्पांनी लावलेली आहे. तो देऊ नका, गाडीभाडं द्या.

आणखी ५ ते १० टक्के विनिमय दरासाठी. जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग मिळत होते, मार्चअखेरीला १३० च्या आसपास. तीन हजार डॉलरच्या अनुदानात हा फरक सुमारे ९०,००० शिलिंगांचा. मलावीत उलट झालं: नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचा या तिथल्या चलनाचं एका दिवसात मोठं अवमूल्यन झालं आणि खतं-बियाण्यांचे भाव उसळले. म्हणून करारात रक्कम स्थानिक चलनात लिहा आणि फरक कुणी सोसायचा तेही.

६. पैसे पाठवणं

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी देणगी देता येते. बँकेत पॅन आणि ए-२ फॉर्म लागतो. हेतूचा कोड धर्मादाय संस्थेला देणगीसाठी एस १३०३. वैयक्तिक भेटीचा एस १३०२ टाकू नका. सध्याच्या नियमानुसार वर्षभरात दहा लाख रुपयांच्या वरच्या अशा रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आधीच गोळा केलेला कर) कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून मिळतो. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत परदेशी संस्थेच्या देणगीला मिळत नाही.

इथे तीन वाटा बंद आहेत, त्या आधीच समजून घ्या. मित्रांचे पैसे एकाच्या खात्यात जमा करून पाठवता येत नाहीत, कारण फॉर्मवर पैसा स्वतःचा असल्याची कबुली द्यावी लागते. प्रत्येकाने आपापला पाठवावा. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने परदेशात खर्च केला तर त्या रकमेची करसूट जाते, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी असल्याशिवाय. आणि कंपनीचा परदेशातला असा खर्च सीएसआर (कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च) म्हणून धरला जात नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना थेट केनियन गटाला दिलेल्या पैशावर वजावट नाही. ग्लोबलगिव्हिंगसारखी तिथे नोंदलेली मध्यस्थ संस्था किंवा डोनर-ॲडव्हाइज्ड फंड (देणगीदाराच्या सूचनेनुसार पैसे वाटणारा धर्मादाय निधी) ही त्यांची वाट. ब्रिटनमध्ये तिथल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलं तर गिफ्ट एड या सरकारी करसवलतीचे २५ टक्के संस्थेला वर मिळतात.

केनियात आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) नसतो. स्विफ्ट कोड, शाखेचा कोड आणि खाते क्रमांक लागतो. खर्च कुणाकडून या रकान्यात 'पाठवणाऱ्याकडून' निवडा, नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते आणि गटाच्या हिशेबात ती तूट दिसत राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केनिया आंतरराष्ट्रीय वित्तीय कृती दलाच्या करड्या यादीत (काळा पैसा रोखण्यात कमी पडणाऱ्या देशांच्या यादीत) गेला, तेव्हापासून बँका जास्त प्रश्न विचारतात. करार आणि नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवा, दोन आठवडे हाताशी धरा. अध्यक्षबाईंच्या वैयक्तिक एम-पेसावर (मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर) कितीही घाई असली तरी पाठवू नका. गटाने पुढे मजुरी किंवा भाडं एम-पेसाने दिलं तर मात्र उत्तम, प्रत्येक संदेश हीच पावती.

७. करार आणि हिशेब

एक पान पुरे: रक्कम, कशासाठी, हप्त्यांच्या तारखा, कुणाच्या सह्या, उरलेल्या पैशाचं काय, तक्रार कुणाकडे. हप्ते ७० आणि ३०. दुसरा हप्ता लेखी अहवालावर अडवू नका. एक फोन आणि खर्चाच्या वहीचे फोटो एवढ्यावर सोडा. अहवालाची वाट पाहत अडकलेला हप्ता हमखास पेरणीनंतर पोहोचतो.

आठवडी बाजारात छापील बिल मिळत नाही. विक्रेत्याचं नाव, वस्तू, वजन, रक्कम आणि गटातल्या दोघींच्या सह्या चालतील असं लिहूनच द्या. फोटो मागताना व्यक्तीची संमती घ्यायला सांगा, केनियात २०१९ चा माहिती संरक्षण कायदा आहे.

परिणाम मोजायला एकच प्रश्न पुरतो: घरचा मका कोणत्या महिन्यात संपला? सुरुवातीला २५ घरांचं उत्तर लिहून घ्या, पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारा.

८. पाऊस आलाच नाही तर

ऑक्टोबर २०२० पासून २०२२ च्या अखेरीपर्यंत पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या भागात ओळीने पाच पावसाळे फसले. त्यामुळे हे कलम करारात पहिल्याच वर्षी घाला: १५ नोव्हेंबरपर्यंत पेरणीजोगा पाऊस झाला नाही तर उरलेली रक्कम गट बैठकीत ठराव करून धान्य, पाणी किंवा पुढच्या हंगामाचं बियाणं यासाठी वापरू शकतो, देणगीदाराला फक्त कळवायचं. परवानगी मागायला लावलीत तर निरोपांच्या देवाणघेवाणीत डिसेंबर जातो, आणि तोवर घरात राखून ठेवलेलं बियाणं शिजवून खाल्लेलं असतं. म्हणून सप्टेंबरच्या खरेदीतच दुबार पेरणीपुरतं बियाणं जास्तीचं घ्या आणि ते गटाच्या कुलपात, वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा.